पेशंट गेला आणि मला काहीच वाटलं नाही. मी कोरडी पडलेय का?

रातपाळी · रात्री ११:५०

नमस्कार. आयसीयूत सिस्टर आहे, १४ वर्षं झाली. इथलं वाचत असते, लिहितेय पहिल्यांदाच. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

गेल्या महिन्यात पहाटे साडेतीनला ७ नंबरचे आजोबा गेले. १९ दिवस आमच्याकडे होते. उजव्या कानाने त्यांना ऐकू यायचं नाही, म्हणून मी कायम डावीकडून, कानाशी वाकून बोलायचे. घशात नळी असल्यामुळे बोलता यायचं नाही, पण "कूस बदलू का?" विचारलं की भुवया उचलायचे. तो त्यांचा होकार. शेवटच्या दोन दिवसांत भुवयाही हलेनाशा झाल्या, तेव्हाच आम्हाला कळून चुकलं होतं. डॉक्टरांनी वेळ सांगितली, मी लिहिली. पंप बंद केले, नळ्या काढल्या, अंग पुसलं. डॉक्टर बाहेर जाऊन मुलीशी बोलून आले. थोड्या वेळाने मी दार उघडून म्हणाले, "७ नंबरच्या सह्यांसाठी कुणीतरी आत या." तिने वर बघितलं. "७ नंबर म्हणजे बाबा ना?" रागाने नाही विचारलं. तिला खरंच कळलं नव्हतं.

मी हो म्हटलं आणि आत येऊन पुढच्या अॅडमिशनसाठी बेड लावायला घेतला. चादर ताणताना लक्षात आलं, मला काहीच वाटत नाहीये. वाईट नाही, सुटल्यासारखं नाही, काहीच नाही. पूर्वी कुणी गेलं की निदान घरी जाताना घसा दाटायचा. या आजोबांचा तर मला लळा लागला होता.

त्यानंतर दोन आठवड्यांनी दुसरी गोष्ट घडली. दुपारची ड्यूटी संपत आली तेव्हा कळलं की नाइटची सिस्टर येणार नाही. मी थांबले. (नाही म्हणता येत नाही, म्हणजे म्हणता येतं, पण मग कुणीच नसतं.) सकाळी ६ ची उठलेली होते. पहाटे चारच्या सुमारास सिरिंज बदलली आणि औषधाच्या पंपावर ०.५ ऐवजी ५ टाकलं. स्टार्ट दाबणार एवढ्यात शेजारच्या ज्युनिअरने माझं मनगट धरलं. "सिस्टर, पॉइंट राहिला." पेशंटला काही झालं नाही. मी टॉयलेटमध्ये जाऊन भिंतीला डोकं टेकून उभी राहिले. हात थरथरत होते, डोळ्यांत पाणी मात्र नव्हतं.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त खातेय. माझी मुलगी ९ वर्षांची आहे. मैत्रिणीशी भांडण झालं म्हणून रडत घरी आली. मी तिला म्हणाले, "एवढं रडायला काय झालं? कुणी मेलंय का?" ती तिथल्या तिथे गप्प झाली. तेव्हापासून ती मला शाळेतलं काही सांगत नाही.

सगळे म्हणतात सुट्टी घे. घेतली, ८ दिवस. पहिले चार दिवस नुसती झोपले. पाचव्या दिवसापासून कानात मॉनिटरचा अलार्म वाजायला लागला, घरात काही नसताना. परत गेले आणि तिसऱ्या ड्यूटीला होते तिथेच आले.

मला विचारायचंय ते असं. हे तात्पुरतं असतं का? मी वॉर्ड बदलू, की हे कामच सोडू? आणि लोक "आधी स्वतःची काळजी घे" म्हणतात, म्हणजे नेमकं काय करायचं? मी पाणी प्यायला बसले तरी वाटतं की ही पाच मिनिटं कुणाच्या तरी वाटची आहेत. ज्यांनी हे अनुभवलंय त्यांनी सांगा, प्लीज.

---

जुनी_सिस्टर · सकाळी ६:१५

अगं, तू कोरडी पडली असतीस तर इतक्या दिवसांनंतर तुला डावा-उजवा कान आठवला नसता. हे आधी सांगते, मग बाकीचं.

मी ३३ वर्षं नोकरी केली, त्यातली ११ आयसीयूत. माझं तुझ्यासारखं बधिर झालं नव्हतं, मला राग यायचा. नातेवाइकांचा. एक बाई रोज तोच प्रश्न विचारायची, "आज कसे आहेत?" आणि मला तिच्या अंगावर ओरडावंसं वाटायचं. एकदा ओरडलेसुद्धा. तिने माफी मागितली माझी! नवरा आत व्हेंटिलेटरवर, आणि ती माझी माफी मागतेय. आज इतकी वर्षं झाली, पण त्या बाईचा चेहरा जात नाही.

मला त्यातून काय बाहेर काढलं ते सांगते. कुणी मोठं काही केलं नाही. आमच्या इन्चार्ज सिस्टरनी एक दिवस मला स्टोअरमध्ये बोलावलं, दार लावलं आणि विचारलं, "आज सकाळपासून लघवीला गेलीस का?" मी गेले नव्हते. दुपारचे दोन वाजले होते. त्या म्हणाल्या, "पेशंटचं युरिन आउटपुट तू तासातासाला लिहितेस. स्वतःचं विचारलं की सांगता येत नाही. आता जा, तुझे पेशंट मी बघते." बस, एवढंच. पण "तुझे पेशंट मी बघते" हे वाक्य मला त्या नोकरीत त्याआधी कुणी म्हटलंच नव्हतं.

तू पाच मिनिटं कुणाच्या वाटची म्हणतेस ना, तिथेच गाठ आहे. तू पाणी प्यायला बसतेस तेव्हा तुझे पेशंट कुणाच्या हवाली केलेले नसतात, म्हणून जीव अडकतो. तर ते हवाली करायचं. ड्यूटी संपताना आपण ओव्हर देतोच ना, पुढच्या सिस्टरला पेशंट सोपवतो? तशीच छोटी ओव्हर द्यायची. "मी १० मिनिटं नाही, ५ आणि ६ तुझ्याकडे, ६ चं बीपी खाली चाललंय, लक्ष ठेव." तिने हो म्हटलं की ती १० मिनिटं तुझी. मग तू परत आल्यावर तिची. ज्युनिअर असो नाहीतर कुणी. आम्ही दोघींनी सुरू केलं, सहा महिन्यांत अख्खी शिफ्ट करायला लागली.

दुसरं, आजोबा गेले आणि तू लगेच बेड लावलास. तुझी चूक नाही, तसंच असतं, बाहेर पेशंट खोळंबलेला असतो. पण मधे काहीतरी लागतं गं. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या एका हॉस्पिटलात जॉनथन बार्टल्स नावाच्या नर्सने एक साधी पद्धत सुरू केली. पेशंट गेला की खोलीतल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, थोडं थांबूया. सगळे जिथे असतील तिथे उभे राहतात, मिनिटभर, गप्प. ज्याच्या त्याच्या मनात जे असेल ते. तो माणूस कुणाचा तरी होता, एवढं मनात आणायचं. त्याला तिकडे 'पॉज' म्हणतात आणि आता कितीतरी ठिकाणी करतात. माझ्या नोकरीत हे नाव मी ऐकलं नव्हतं, पण मी शेवटची १०-१२ वर्षं माझ्यापुरतं असंच करायचे. मॉनिटर बंद केला की पायाला हात लावून नाव घ्यायचे. नंबर नाही, नाव. मग चादर.

लोक सुचवतात त्या मोबाईलवरच्या ध्यानाने तुला काय होईल मला माहीत नाही. पण नाव घेऊन बघ.

---

फोनच्या_पलीकडे · सकाळी १०:४०

ताई, मी समुपदेशक आहे. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीच्या फोन लाइनवर ९ वर्षं काम केलं, आता कॉल घेणाऱ्यांना शिकवतो आणि त्यांच्याशी बोलतो. तुमच्या पोस्टमधलं "काहीच नाही" मला ओळखीचं आहे. माझं असं झालं होतं की एक कॉल ४० मिनिटं चालला, पलीकडचा माणूस रडत होता, मी "हो, ऐकतोय" म्हणत होतो. फोन ठेवल्यावर वहीत बघितलं तर एक शब्द लिहिलेला नव्हता. अख्ख्या पानावर चौकोन काढलेले. एकात एक, एकात एक. त्या माणसाने काय सांगितलं ते मला आठवेना. मी पर्यवेक्षकांना वही नेऊन दाखवली, आणि माझी मदत तिथून सुरू झाली.

तुम्हाला जे होतंय त्याला नाव आहे, आणि नाव असलं की थोडं हाताशी येतं, म्हणून सांगतो. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाचे मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कला दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करायचे आणि संध्याकाळपासून रात्रीपर्यंत मोफत क्लिनिकमध्ये व्यसनाधीन तरुणांना बघायचे. असं करत करत ते स्वतःच कोसळले. कुटुंबाबरोबर सुट्टीला निघायच्या दिवशी त्यांना बिछान्यातून उठता आलं नाही. मग त्यांनी टेप रेकॉर्डर लावून स्वतःशी बोलायला आणि ते परत ऐकायला सुरुवात केली, पेशंटचं ऐकावं तसं. १९७४ साली त्यांनी यावर लेख लिहिला आणि 'बर्नआउट', म्हणजे कामाने आतून जळून जाणं, हा शब्द आपल्या क्षेत्रात रुजला. म्हणजे तो शब्द कंपन्यांमधून आलेला नाही. तुमच्या-माझ्यासारख्या माणसाने स्वतःला तपासून तो रुजवलाय.

पुढे क्रिस्टिना मास्लाक आणि सुसान जॅक्सन यांनी १९८१ मध्ये ते मोजायची २२ प्रश्नांची प्रश्नावली केली. त्यात तीन गोष्टी बघतात: मन रिकामं झाल्यासारखा थकवा, समोरच्या माणसाला माणूस म्हणून न बघता वस्तूसारखं हाताळणं, आणि आपल्या हातून काही भलं होत नाही असं वाटणं. मधली गोष्ट पुन्हा वाचा. "७ नंबरच्या सह्यांसाठी कुणीतरी या." ताई, तुमचा स्वभाव बिघडलेला नाही. मन इतकं खरचटलं की त्याने वर खपली धरली, आणि खपलीला स्पर्श कळत नाही.

याच्या जोडीला आणखी एक असतं. चार्ल्स फिगली यांनी १९९५ मध्ये त्यावर लिहिलं, करुणेचा थकवा. बर्नआउट कामाच्या ओझ्याने, कारभाराने, हळूहळू येतो. हा मात्र दुसऱ्याचं दुःख जवळून बघून बघून येतो आणि कधीकधी अचानक येतो. नसलेला अलार्म ऐकू येणं मला याच बाजूचं वाटतं. दोन्ही एकत्र असू शकतं, बहुधा असतंच.

सुट्टी का पुरली नाही? झोपेची थकबाकी चार दिवसांत थोडी फिटली, म्हणून पाचव्या दिवशी दबलेलं वर यायला जागा मिळाली. त्या वेळी कुणाशी तरी बोलायला हवं होतं आणि तुम्ही एकट्या होतात. सुट्टी वाया गेली असं समजू नका.

आता करायचं काय. मला एका गोष्टीचा मनापासून आग्रह धरायचाय: ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, कामाबद्दल बोलायची एक जागा. लंडनमध्ये १९५० च्या दशकात मायकेल बालिंट आणि एनिड बालिंट यांनी डॉक्टरांचे छोटे गट सुरू केले. एक डॉक्टर कागद न बघता एका पेशंटबद्दल सांगतो. औषधाची चर्चा होत नाही. हा पेशंट तुला का छळतोय, त्याच्यासमोर तुझं काय होतं, यावर बाकीचे बोलतात. कुणी सल्ला द्यायचा नाही. असे गट आजही चालतात. आम्ही चौघं दर गुरुवारी सव्वा तास बसतो. मी गेली सहा वर्षं यातले फार थोडे गुरुवार चुकवलेत, आणि चुकवले ते महिने मला वेगळे ओळखू येतात.

एक सावधगिरी. काही ठिकाणी मोठी दुर्घटना झाली की सगळ्यांना लगेच एकदाच बसवतात आणि जे पाहिलं ते सगळं बोलायला लावतात. एकाच बैठकीतल्या अशा सक्तीच्या उजळणीने पुढचा मानसिक आघात टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, काहींना त्रासच झाला. म्हणून सावकाश, आपल्या मर्जीने, ओळखीच्या माणसांत, पुन्हा पुन्हा.

तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांचे मेंदूवरचे प्रयोगही मला फार उपयोगी पडले. दुसऱ्याचं दुःख बघून तेच स्वतःत भोगायला शिकवलं तेव्हा लोकांची घालमेल वाढली. त्याच लोकांना नंतर दुःख बघताना त्या माणसासाठी माया आणि भलं चिंतणं शिकवलं, तेव्हा घालमेल ओसरली, आणि मेंदूत वेगळेच भाग जागे झालेले दिसले. जुन्या सिस्टर पायाला हात लावून नाव घ्यायच्या, ते मला या दुसऱ्या जातीतलं वाटतं. आपण त्या माणसाबरोबर मरायचं नसतं, त्याच्याजवळ उभं राहायचं असतं.

आणि हे कृपया टाळू नका. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या यादीत बर्नआउटला आजार म्हटलेलं नाही, कामाशी निगडित अवस्था म्हटलंय. ती कामापुरतीच असते. तुमचं तर घरातही पसरलंय. दोन आठवड्यांहून जास्त काळ जवळजवळ रोज मन उदास किंवा सुन्न असेल, कशातच गोडी वाटत नसेल, झोप बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. डॉक्टरांना दाखवा, स्वतःच्याच हॉस्पिटलातले नको असतील तर बाहेरचे. आणि "आपण नसलो तर बरं" असा विचार एकदा जरी आला असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगा. आम्ही मदत करणारी माणसं हे सांगायला सगळ्यात उशीर करतो. मी केला होता.

---

केसफाइल · दुपारी १:०५

वरच्या दोघांचं पटतं, तरीही मला वेगळ्या बाजूने बोलायचंय.

मी बालसंरक्षणात सामाजिक कार्यकर्ती आहे. मार खाल्लेली, टाकून दिलेली मुलं. आमच्या कार्यालयात एका वर्षी तीन जागा रिकाम्या होत्या, त्यांच्या फाइली आमच्यात वाटल्या, आणि त्याच महिन्यात आम्हाला ताणतणावाच्या व्यवस्थापनावर दोन तासांचं व्याख्यान ठेवलं. वक्ते चांगले होते, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण माझ्या टेबलावर ६० फाइली असताना दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं तेव्हा मला अपमान वाटला. जणू माझा श्वास चुकत होता म्हणून मुलं हातून सुटत होती.

तुम्ही लिहिलंय सकाळी ६ ला उठलात आणि पहाटे ४ ला पंपावर चूक झाली. २२ तास. १९९७ मध्ये डॉसन आणि रीड यांनी 'नेचर' या नियतकालिकात जाग्रणाची आणि दारूची तुलना मांडली होती. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते, २४ तासांनी साधारण ०.१० टक्क्यांइतकी. तुमचे १७ तास रात्री ११ लाच भरले होते. पुढचे पाच तास तुम्ही नशेत असल्यासारख्या अवस्थेत औषधांचे पंप लावत होतात, आणि ते तुम्हाला करायला लावलं होतं. दशांश चिन्ह तुमच्या बेफिकिरीने नाही राहिलं. वैमानिकाला ठरलेल्या तासांपलीकडे विमान चालवू देत नाहीत, आणि तो हट्टाने "मी थकलो नाही" म्हणाला तरी देत नाहीत. याला कुणी वैमानिकाचे लाड म्हणत नाही.

मास्लाक यांचं नाव वर आलंय. त्यांनी आणि मायकेल लायटर यांनी पुढे कामाच्या जागेतल्या सहा गोष्टी दाखवल्या, ज्या बिघडल्या की माणसं अशी जळून जातात: कामाचा बोजा, आपल्या कामावरचा ताबा, मोबदला आणि कदर, सहकाऱ्यांशी नातं, न्याय्य वागणूक, आणि आपली मूल्यं. बघा, यात माणसाच्या कमकुवत मनाचा उल्लेख नाही.

म्हणून माझी विनंती, एक वही करा. प्रत्येक डबल ड्यूटीची तारीख, किती तास, किती पेशंट, जेवण झालं की नाही, आणि अशी थोडक्यात टळलेली चूक असेल तर तीही. कुणाचं नाव नको. तीन महिने. शक्य झालं तर चौघीपाचजणी मिळून करा. मग ती घेऊन मेट्रनकडे जा, एकटीने नाही, सगळ्यांनी. एकटी गेली की "तुला झेपत नाही का?" असं विचारतात. पाच वह्या टेबलावर आल्या की प्रश्न बदलतो. आमच्याकडे दोन जागा यानेच भरल्या गेल्या. तिसरी अजून रिकामी आहे.

आणि कुणी म्हणालं की शपथ घेतली आहे, सेवा आहे, तर त्यांना जिनिव्हाच्या घोषणेची आठवण द्या. जागतिक वैद्यक संघटनेची ही डॉक्टरांची प्रतिज्ञा १९४८ ची. २०१७ च्या सुधारणेत तिच्यात एक नवं वाक्य आलं, की उत्तम दर्जाची सेवा देता यावी यासाठी मी स्वतःचं आरोग्य, स्वास्थ्य आणि क्षमता यांची काळजी घेईन. ६९ वर्षं लागली त्या वाक्याला. ते प्रतिज्ञेत आहे, सुट्टीच्या अर्जात नाही. तुम्ही पाणी पिता ती पाच मिनिटं पेशंटचीच आहेत. त्याच्या पंपाची आहेत.

सोडायचं की नाही, हे आत्ता ठरवू नका. २२ तास जागा असलेला माणूस पंपसुद्धा नीट लावू शकत नाही, मग असा निर्णय कसा घेणार? आधी झोप, आधी ड्यूट्यांचं रोस्टर. त्यानंतरही सोडावंसं वाटलं तर सोडा, आणि खाली मान घालून सोडू नका.

---

पायरीवरचा · दुपारी ४:३०

मी या क्षेत्रातला नाही. माझी आई नर्स होती. फक्त मुलीबद्दल लिहितो.

आई ड्यूटीवरून यायची आणि आत न येता बाहेर पायरीवर बसायची. दहा मिनिटं, कधी वीस. मी आणि धाकटी बहीण खिडकीतून तिची पाठ बघायचो. आम्हाला वाटायचं तिला आत यायचंच नाहीये, आम्ही तिला नकोसे झालोय. मी बरीच वर्षं हे धरून होतो. तिशी ओलांडल्यावर एकदा तिला विचारलं, तर म्हणाली, "अरे, वॉर्ड अंगावर असायचा. तो तुमच्यापर्यंत आणायचा नव्हता. उतरायची वाट बघायचे."

तेव्हा एवढं एक वाक्य तिने सांगितलं असतं तर आम्ही आनंदाने थांबलो असतो. तुमची मुलगी ९ वर्षांची आहे, तिला कळेल. तिला सांगा की तू चुकीची रडली नव्हतीस. मुलं बऱ्याचदा आपल्या गप्प बसण्याचं कारण स्वतःलाच समजतात.

---

रातपाळी · तीन आठवड्यांनी, दुपारी १२:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला वेळ घेतला, कारण काही केल्याशिवाय लिहायचं नव्हतं.

मुलीशी त्याच संध्याकाळी बोलले. पायरीवरच्या दादांनी सांगितलं तसंच, की तू रडलीस ते बरोबर होतं, मीच थकले होते आणि चुकीचं बोलले. ती म्हणाली, "मला माहितीये तुझ्याकडे खरंच कुणीतरी मेलेलं असतं." मी काही बोलू शकले नाही. आता आमचं असं ठरलंय की मी घरी आल्यावर आंघोळ होईपर्यंत मला काही सांगायचं नाही, आणि आंघोळीनंतर सगळं सांगायचं. ती बाथरूमच्या दारापाशीच बसलेली असते. काल बाहेरूनच सुरू झाली होती.

डॉक्टरांना दाखवलं, बाहेरच्या. झोपेचं बरंच विचारलं, तपासण्या केल्या, दर आठवड्याला समुपदेशनाला बोलावलंय. दोनदा जाऊन आले. पहिल्यांदा पाऊण तास मी फक्त रोस्टरबद्दल बोलले. दुसऱ्यांदा आजोबांबद्दल. अलार्म अजून ऐकू येतो, रोज नाही.

छोटी ओव्हर सुरू केली. पहिल्या दिवशी ज्युनिअरला सांगितलं आणि दहा मिनिटं बसले, त्यातली आठ मी घड्याळाकडेच बघत होते. चौथ्या दिवशी तिने मला सांगितलं, "सिस्टर, मी जाऊन येते, २ आणि ३ तुमच्याकडे." तिला इतकं सहज म्हणताना ऐकून खूप बरं वाटलं. तिनेच माझं मनगट धरलं होतं, आणि मी तिला तेव्हा धन्यवादही म्हटलं नव्हतं. आता म्हटलं. तर म्हणाली, त्या रात्री ती पण घाबरली होती, सीनिअरचा हात धरला म्हणून.

वहीचं सांगते. आम्ही तिघीच तयार झालो, बाकीच्यांना भीती वाटते. माझ्या वहीत १९ दिवसांत ५ डबल ड्यूट्या आहेत. अजून मेट्रनकडे नेलेली नाही. तीन महिने व्हायचेत. पण परवा मला थांबायला सांगितलं तेव्हा मी पहिल्यांदा नाही म्हटलं, मी सकाळपासून किती तास जागी आहे ते सांगून. फोनवर थोडी शांतता झाली. मग दुसऱ्या वॉर्डातून कुणालातरी पाठवलं. म्हणजे माणूस होता.

आणि रविवारी रात्री ४ नंबरची एक मुलगी गेली. २३ वर्षांची. सीपीआर ४० मिनिटं चालला. डॉक्टरांनी वेळ सांगितली आणि सगळे ग्लोव्हज काढायला लागले. माझ्या तोंडून कसं निघालं मला माहीत नाही, मी म्हटलं, "एक मिनिट थांबूया का?" रेसिडेंट डॉक्टरने माझ्याकडे बघितलं, पण तो थांबला. ज्युनिअर थांबली, मावशी दारात होत्या त्या तिथेच थांबल्या. कुणी काही बोललं नाही. तिच्या पायाच्या नखांना निळा रंग लावलेला होता, अर्धा निघालेला. मी पायाला हात लावून तिचं नाव घेतलं. मग बाहेर गेले आणि तिच्या आईलाही नावानेच सांगितलं.

घरी जाताना रडले. बऱ्याच महिन्यांनी. वाईट वाटत होतं, खूप वाटत होतं, पण छाती मोकळी होती.

वॉर्ड बदलायचा अर्ज लिहून ठेवलाय, दिलेला नाही. तीन महिन्यांनी वहीबरोबर बघेन. आज रात्रीची ड्यूटी आहे, म्हणून आता पडदे ओढून झोपते. जुन्या सिस्टर, तुम्ही हे वाचलंत तर, त्या स्टोअरमधल्या इन्चार्ज सिस्टर पुढे कधी भेटल्या का तुम्हाला?

---

जुनी_सिस्टर · दुपारी १२:४०

भेटल्या गं. शेवटी त्या माझ्याच वॉर्डात पेशंट होत्या. युरिन आउटपुट मीच लिहायचे. झोप आता, उठलीस की सांगते.